ज्याचा दाणा, त्यानेच उतरवायचा

साखर कारखान्याच्या कॉलनीत कपडे वाळत घालायचे तर आधी वारा बघावा लागतो. वारा धुराड्याकडून येत असला की बगॅसची, म्हणजे जळणाला घातलेल्या उसाच्या चोथ्याची, काळी काजळी दोरीवर येऊन बसते, आणि पांढरा शर्ट वाळेपर्यंत मिरी टाकलेल्या पापडासारखा होतो. हंगाम सुरू असेपर्यंत आम्ही सगळ्या बाया रोज सकाळी मागच्या अंगणात उभ्या राहून आभाळाकडे बघतो. बाहेरच्या माणसाला वाटावं, इथे सगळ्या फार देवभोळ्या आहेत.

त्या सकाळीही मी ओला टॉवेल हातात घेऊन तशीच उभी होते. गॅसवर कुकर चढवलेला, पोळ्यांची कणीक तिंबून झाकून ठेवलेली. आतल्या खोलीत नवनीत, माझे यजमान, मांडीवर लॅपटॉप घेऊन पाळ्यांचा तक्ता करत बसले होते. ते कारखान्यात केमिस्ट आहेत. कोण कुठल्या पाळीला आणि किती तास, हे त्यांच्या विभागापुरतं तेच ठरवतात. त्या आठवड्यात त्यांना चारची पाळी होती, म्हणून सकाळचे घरी होते, आणि चारला जाताना तक्ता वरच्या साहेबांच्या टेबलावर ठेवायचा होता.

तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. बेल नाही, कडी नाही. तळहाताची थाप, घरचा माणूस मारतो तशी.

टॉवेल तसाच हातात घेऊन मी दार उघडलं. दारात सुपडूकाका. सुपडूकाका म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने पॅनमन, राहायला आमच्या मागच्याच ओळीत. रात्रपाळी सकाळी आठला सुटते; आता दहा वाजून गेले होते. डोळे उघडे होते, माझ्याकडेच होते, पण त्यांत मी कुठे दिसत नव्हते. त्यांनी बूट-मोजे काढून बूट भिंतीला लावून नीट जोडीने ठेवले, माझ्या बाजूने आत शिरले आणि म्हणाले,

"छबू, पानी दे पाय धोवाले."

आणि सरळ स्वयंपाकघरातून मागच्या मोरीकडे गेले.

मी ममता आहे, छबू त्यांची बायको, हे सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण माणूस इतका सरळ चालत गेला की वाटेत अडवणं जिवावर आलं. कॉलनीतली घरं एका साच्यातली आहेत. पुढे खोली, मग स्वयंपाकघर, मागे मोरी. आमच्या ओळीतलं शेवटून दुसरं घर आमचं, मागच्या ओळीतलं शेवटून दुसरं त्यांचं. मोरीत बादली जिथे त्यांच्याकडे असते तिथेच आमच्याकडेही होती. पाय धुऊन झाल्यावर ते भिंतीवर हात फिरवत राहिले. तिथे त्यांच्या घरी खुंटी असणार. आमच्याकडे तिथे नुसती भिंत. मी हातातला ओला टॉवेल पुढे केला. तो ओला आहे हेही त्यांना कळलं नाही.

पुढच्या खोलीतल्या खाटेवर येऊन बसले. "च्या ठेव. साखर कमी."

चहा दिला. त्यांनी कपातला एक थेंब बशीत टाकला, बशी उचलून खिडकीच्या उजेडासमोर तिरपी धरली आणि बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले.

"दाना अजून उना नही," म्हणाले. दाणा अजून आला नाही म्हणे.

कप अर्धा संपायच्या आत त्यांची मान छातीवर टेकली. मी कप काढून घेतला, उशी लावली. पाय खाटेवर उचलून ठेवले तेव्हा दिसलं, मोज्यांची किनार पोटरीत इतकी रुतली होती की तिथे सुतळी बांधून सोडल्यासारखा वळ होता. अंगाला मळीचा वास. तो वास कॉलनीत सगळ्यांच्याच घरात असतो, पण यांच्या अंगाला जरा जास्तच.

"कोण आलंय?" नवनीत बाहेर आले.

"हळू बोला."

"काका? हे इथे काय करताहेत?"

"काही नाही. त्यांच्या घरी आलेत."

ते हसले. मग खाटेजवळ जाऊन जरा वाकून बघितलं, आणि हसू राहिलं नाही.

पॅनमन काय करतो हे मला लग्नानंतर कैक दिवस कळलं नव्हतं. मी तळोद्याची, अर्थशास्त्रात बीए केलेली. साखर दुकानात मिळते इतकंच माहीत. एकदा नवनीतनी मला कारखाना दाखवायला नेलं. उसाचा रस गाळून आटवून पाक करतात, तो पाक एका मोठ्या बंद भांड्यात उकळत ठेवतात. भांडं आमच्या घराएवढं उंच, त्याला सगळे पॅन म्हणतात. त्या उकळत्या पाकात साखरेचा दाणा धरवायचा आणि तो वाढवत न्यायचा, हे पॅनमनचं काम. पाक थोडा जास्त सोडला, वाफ थोडी चढली, की मध्येच बारीक खोटे दाणे पडतात आणि सगळा घाणा बिघडतो. लाडवाचा पाक ज्यांनी केलाय त्यांना हे लगेच समजेल. आपण गॅसपाशी एवढंसं पातेलं घेऊन उभ्या असतो तरी दाराशी कोणी आलं की जीव वर-खाली होतो. पॅनमनचं पातेलं घराएवढं, आणि ते काही तास चालतं.

त्या दिवशी मी सुपडूकाकांना पहिल्यांदा पाहिलं. काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घेऊन दिव्यासमोर धरून उभे होते. मला म्हणाले, "वहिनी, देखा." मला काही दिसलं नाही. मी आपली 'छान' म्हणाले. ते म्हणाले, "छान नही अजून. तासाभरात छान होईल." आणि माझ्याकडे पाठ केली. मला तेव्हा राग आला होता. घरी येताना नवनीतना बोललेही, की तुमच्या म्हाताऱ्याला माणसाशी बोलायची रीत नाही. ते म्हणाले, पॅन चालू असताना तो त्याच्या बायकोलाही ओळखत नाही.

काका मूळचे म्हसावदचे. आधीची दोन मुलं जगली नाहीत म्हणून आईने यांना जन्मताच सुपात घालून शेजारणीच्या ओटीत दिलं आणि तिच्याकडून परत घेतलं. आमच्या भागात अशी पोरं पुष्कळ, आणि त्यांची नावं सुपडूच. घरी थोडी जमीन होती, ती भावांनी केली. हे दहावी नापास झाले आणि कारखान्यात हंगामी म्हणून लागले. आधी गोदामात पोती शिवायला, मग पॅनवर मदतनीस. तिथे उत्तरेकडून आलेला एक म्हातारा उस्ताद होता. त्याने यांना हात धरून शिकवलं. उस्ताद शिव्या फार द्यायचा, पण जेवताना आपल्या डब्यातली भाजी यांच्या डब्यात घालायचा. त्याचं एक वाक्य होतं, 'जिसका दाना, वही उतारे.' ज्याने पॅनमध्ये दाणा पाडला त्यानेच तो पॅन पूर्ण करून खाली सोडायचा. मध्येच दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. उस्ताद गावाकडे गेला तो परत आला नाही, पण वाक्य इथेच राहिलं. काकांनी ते पाळलं आणि पुढच्यांना पाळायला लावलं. आता ते लिहिलेल्या नियमाहून पक्कं झालंय.

अडचण अशी, की पॅन काही पाळी बघून उकळत नाही. भोंगा होतो तेव्हा दाणा अर्धा वाढलेला असतो. मग आठ तासांची पाळी संपली तरी पॅनमन घरी जात नाही. तो आपला पॅन सोडेपर्यंत थांबतो, आणि बदलीला आलेला दुसरा पॅनमन शेजारी हाताची घडी घालून उभा राहतो. कागदावर आठ, अंगावर दहा नाहीतर अकरा. तिघे पॅनमन होते तोवर हे कसंतरी निभत होतं. पंधरवड्यापूर्वी त्यातला एक गुजरातेतल्या कारखान्यात निघून गेला. राहिले काका आणि इंद्रसिंग; तिसरी पाळी दोघे कशीबशी वाटून घेत होते.

नवनीत माझ्या मागे स्वयंपाकघरात आले. मी पोळपाट मांडला.

"तुम्ही बारा-बारा तासांचंच करताय ना?" मी विचारलं.

"दुसरं काय करू? दोन माणसं, चोवीस तास. हंगामाच्या मध्यावर पॅनमन काय बाजारात मिळतो? यार्डात ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत गेलीय."

"दोघं काय म्हणाले?"

"एका पायावर तयार. काकांनीच सुचवलं. म्हणाले, साहेब, आठाचे अकरा होतातच. त्यापेक्षा बाराच करा. बारा तासांत पॅन धरून सोडून मोकळं होता येतं, अर्धवट काही राहत नाही."

"कधी म्हणाले?"

"परवा. पाळीवर आले तेव्हा."

"म्हणजे जेवून, अंघोळ करून आले होते."

"मग कधी विचारायचं माणसाला?"

मी लाटणं जरा वर करून पुढच्या खोलीकडे दाखवलं. तिथून काकांचा घोरण्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता.

नवनीत ओट्याला टेकून उभे राहिले. "आठ तासांचीही एक वाट आहे," ते हळूच म्हणाले. "दिलवरसिंग आहे ना, पॅनवरचा मदतनीस. इतकी वर्षं काकांच्या हाताखाली आहे. दाणा पाडणं त्याला अजून नीट जमत नाही, पण पडलेला दाणा वाढवून पॅन सोडणं त्याला येतं. तिसरी पाळी त्याला देता येईल. जाणाऱ्याने दाणा पाडून द्यायचा, पुढचं दिलवरसिंग बघेल."

"मग तसंच करा की."

"करा की काय? त्यासाठी भोंगा झाला की काकांनी अर्धा पॅन त्याच्या हातात देऊन घरी यायला पाहिजे. येतील? मी कागदावर आठ लिहीन, आणि काका पॅनपाशी उभे राहतील बारा तास. वर दिलवरसिंगही उभा. मग इंद्रसिंगही हलणार नाही, काका थांबलेत आणि मी कसा जाऊ म्हणून. त्यापेक्षा बारा लिहिलेले बरे, खरे तरी असतील."

हे त्यांचं बरोबर होतं, आणि तेच मला आवडत नव्हतं. पोळी तव्यावर टाकली. बारा लिहिले तर हंगाम संपेपर्यंत हा माणूस रोज असाच कुणाच्या तरी दारात येणार. आज आमचं दार होतं, ठीक. वाटेत यार्ड आहे, उसाचे ट्रॅक्टर आहेत.

मागच्या दारातून छबूबाईंचा आवाज आला. "ममता, मन्हा म्हातारा देखा का वं? दोन फेऱ्या मारी उनी मी गेटलोंग."

"या ना आत. इथेच आहेत."

"अठे? काय करी ऱ्हायना?"

"झोपलेत."

छबूबाई दारातच थांबल्या. पुढच्या खोलीत डोकावून आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ओट्याजवळच्या पाटावर बसल्या. नवनीत तिथून सटकले.

"घ्या," त्या म्हणाल्या. "मन्हा म्हातारा आनि तुन्हा खाटवर. आते कॉलनीमा मी काय तोंड दाखाडू?"

"मला छबू म्हणाले, पाय धुवायला पाणी मागितलं."

"नाव तं ध्यानमा शे म्हनजे." मग जरा थांबून, "च्या पिना का? साखर कशी सांगी?"

"कमी सांगितली."

"देखं? डॉक्टरनं सांगेल समदं ध्यानमा शे त्याले. मन्हापुढे मुद्दाम जास्ती मांगस."

आम्ही दोघी तोंडावर पदर-ओढणी धरून हसलो. हसता हसता छबूबाईंनी डोळे पुसले, आणि मग पुसतच राहिल्या. मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

त्या सांगत होत्या ते मी इथे माझ्या भाषेत सांगते. रात्रपाळी करून आला की माणूस दिवसा झोपतो असं लोक म्हणतात, पण त्याला झोप कोण म्हणेल. दुपारी नळ येतो तेव्हा सगळी कॉलनी भांडी वाजवते. म्हसावदहून कोणी लग्नाची पत्रिका घेऊन येतं. पाहुणा आला आणि घरधनी झोपलेला, हे काकांना चालत नाही, उठून शर्ट घालून बसतात. पाहुणा गेला की म्हणतात, झाली माझी झोप. मागच्या आठवड्यात दोघं लेकीकडे, रूपालीकडे, तळोद्याला गेले होते. जीपमध्ये काका पुढच्या सीटची दांडी धरून झोपले, आणि झोपेत त्यांचा हात ती दांडी पॅनच्या व्हॉल्व्हसारखी हळूहळू फिरवत होता. पुढे बसलेल्या बाईला वाटलं म्हातारा तिच्या पिशवीला हात लावतोय. तिने जीपभर आरडाओरडा केला.

"काय सांगू तिले?" छबूबाई म्हणाल्या. "सांगं, माय, तो व्हॉल फिरावस. ती मन्हाकडेच देखत ऱ्हायनी."

"त्यांना सांगत नाही का तुम्ही, लवकर घरी या म्हणून?"

"मन्हं ऐकस का तो? त्याना उस्तादनं ऐकस, तो कव्हयनाच मरी गया."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. आधीच्या शिट्ट्यांनी काही झालं नव्हतं, या शिट्टीने काका ताडकन उठून बसले. दोन्ही हात पुढे गेले, काहीतरी धरायला. काही मिळालं नाही. मग त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे आमच्या लग्नाचा फोटो आहे. फोटोकडे बघितलं, मग खालच्या खुर्चीत बसलेल्या नवनीतकडे.

"साहेब," ते म्हणाले, "तुम्ही अठे कसा?"

"ते अठेच ऱ्हातस," छबूबाई दारातून म्हणाल्या. "तुम्ही अठे कसा ते सांगा."

काका खाटेवरून उतरले. स्वतःच्या पायांकडे बघितलं, बशीकडे बघितलं. कपाळापर्यंत लाल झाले. इतक्या मोठ्या माणसाला असं लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी आपली सकाळच्या पोह्यांची ताटली आणायला वळले.

"कोनी देखं का?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही काका," मी म्हणाले. "बसा. पोहे खाऊन जा."

"वहिनी, पॅनवर हे बोलू नका. म्हातारा गया कामथून सांगतीन. मंग माले गोदाममा टाकतीन, पोते मोजाले."

"कोणी टाकत नाही," नवनीत म्हणाले. "बसा आधी."

काका बसले, पण खाटेच्या कडेवर, पाहुण्यासारखे. पोह्यांना हात लावला नाही. नवनीतनी लॅपटॉप बाजूला ठेवला.

"काका, मी आज तो तक्ता देणार आहे. बारा तासांचा."

"बराबर शे साहेब. बारा म्हनजे पुरा पॅन. मधमा तोडातोड नही." हे बोलताना त्यांचा आवाज सावरला होता. कामाचं बोलणं निघालं की ते सावरतात. "आठमा काय व्हस, दाना धरा आनि भोंगा वाजना. मानूस नुसता लटकस. बारा बरा."

"आजचा पॅन कसा झाला?"

"मस्त."

"किती वाजता सोडला?"

काकांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलली. "सोडा ना," ते म्हणाले. "इंद्रसिंग उना व्हता. तो शेजारे उभा व्हता. मी काचवर देखं, दाना..." ते थांबले. "मंग मी व्हॉल..."

छबूबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. मी गॅस बंद केला.

"साहेब, माले ध्यानमा नही," काका म्हणाले. अगदी साध्या आवाजात, जणू किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही. आणि मग त्यांचा चेहरा उतरला. "पॅन चालू शे का काय? मी तसाच निंघी उनू का काय?"

ते उठायला लागले. नवनीतनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोन लावला, स्पीकरवर टाकला. मागून कारखान्याचा घरघराट ऐकू आला, मग इंद्रसिंगचा आवाज.

"बोला साहेब."

"काकांचा पॅन कोणी सोडला रे?"

"काकांनीच. दुसरं कोण सोडणार?"

"कसा पडला?"

"एकदम मोत्यासारखा. का हो? काही तक्रार आली का?"

"नाही. तू कुठे होतास?"

"शेजारीच उभा. आठपासून उभाच होतो ना, त्यांचा पॅन सुटेपर्यंत मी काय करणार? मी दोनदा म्हटलं, काका तुम्ही जा, मी बघतो. त्यांनी ऐकलंच नाही. म्हणजे साहेब, खरं सांगू का, त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मला वाटलं, रागावलेत."

नवनीतनी फोन ठेवला.

पॅन बिघडला असता तर काकांना बरं वाटलं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. बिघडला असता तर कोणी बोललं असतं, वाद झाला असता. पण पॅन मोत्यासारखा पडला होता, आणि ज्याने तो पाडला तो तिथे नव्हताच. काका आपले दोन्ही तळहात उलटे-सुलटे करून बघत बसले.

"चांगला पडला म्हणतो तो," नवनीत म्हणाले.

"हाओ."

"मग?"

"मंग काय साहेब. आज पडना." काकांनी हात मांडीवर ठेवले. "वाफना व्हॉल चुकीसन दुसराच फिरावता तं? तठे दिलवरसिंग खाले उभा ऱ्हास, त्याच पायरीवर. समदी वाफ त्याना अंगवर जाती."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. छबूबाई येऊन त्यांच्या शेजारी खाटेवर बसल्या, दुसऱ्याच्या घरात, साहेबांच्या समोर. एरवी त्या असं कधी करत नाहीत.

"दिलवरसिंगले येस का तो पॅन सोडाले?" छबूबाईंनीच विचारलं. त्यांनी आमचं मघाचं बोलणं मागच्या दारातून ऐकलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"येस," काका म्हणाले. "कव्हयनं येस. माले माहीत शे."

"मंग देत का नही?"

काका पुन्हा आपल्या तळहातांकडे बघायला लागले. छबूबाईंनी पोह्यांची ताटली उचलून त्यांच्या हातात दिली, आणि काकांनी एक घास खाल्ला.

नवनीतनी लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला. "काका, मी आठ-आठ करतो. तिसरी पाळी दिलवरसिंगला. तुम्ही किंवा इंद्रसिंग, जो त्याच्याआधी असेल त्याने दाणा पाडून द्यायचा. पण मग भोंग्याला घरी जायचं. अर्धा असला तरी. ज्याची पाळी त्याचा पॅन. जमेल का ते आताच सांगा. नंतर तुम्ही तिथे उभे राहिलात तर माझा हा कागद काही कामाचा नाही."

"इंद्रसिंग जाई," काका म्हणाले. "मी निंघनू तं तो बी निंघी."

"आणि तुम्ही?"

काकांनी दुसरा घास घेतला. सावकाश चावला. मला वाटलं, आता उस्तादाचं वाक्य येणार. ते आलं नाही. "साहेब, खोटं काय बोलू. आते तुम्हना पुढे बठेल शे तं हाओ सांगसू. तठे गऊ, काच हातमा धरी, का मंग माले भोंगा ऐकू येत नही. घर ध्यानमा येत नही. ही बी ध्यानमा येत नही." त्यांनी छबूबाईंकडे मान हलवली. छबूबाई दाराबाहेर बघत होत्या.

"मग कसं करायचं?" नवनीतनी विचारलं.

काकांनी ताटली खाली ठेवली. उठून उभे राहिले. शर्टाची वरची गुंडी लावली, साहेबांसमोर ऑफिसात उभे राहतात तसे.

"एकच मांगनं शे साहेब. मी सोता निंघत नही. भोंगा व्हयना का तुम्ही माले तठून हाकली द्या."